मी ‘कॅन’ म्हणाले, त्यांना ‘कॅन्ट’ ऐकू गेलं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. अमेरिकेतल्या एका लॅबबरोबर आमचं ऑनलाइन बोलणं चालू होतं. त्यांच्याकडे ऐकण्याच्या प्रयोगासाठी एक आठवडा मोकळा होता. आमच्या रेकॉर्डिंगच्या फाइल्स वेळेत पोचल्या तर तो आठवडा आम्हाला मिळणार होता. तिकडच्या मुलीने विचारलं, शुक्रवारपर्यंत जमेल का? मी एकेक शब्द सुटा करत, शाळेतल्या बाईंना आवडेल अशा उच्चारात म्हणाले, ‘वी कॅन सेंड द फाइल्स बाय फ्रायडे.’ ती म्हणाली, ‘ओके, नो प्रॉब्लेम.’ मला वाटलं, झालं काम. शुक्रवारी सकाळी तिची मेल आली: तुम्हाला जमत नाही म्हणालात, म्हणून तो आठवडा दुसऱ्या गटाला दिला आहे, पुढची मोकळी तारीख सहा आठवड्यांनी.

मीटिंगचं रेकॉर्डिंग होतं. गाइडच्या खोलीत बसून आम्ही ते चार वेळा ऐकलं. मी हट्टाने म्हणत होते, ‘सर, बघा ना, कॅन किती स्पष्ट आहे.’ ते म्हणाले, ‘स्पष्ट आहे, म्हणूनच घोळ झाला.’

आजचा लेख त्या एका वाक्यावर आहे. इंग्रजी ऐकताना आपल्याला त्रास होतो, त्याचं कारण आपण बहुतेक वेळा ‘ते लोक शब्द खातात’ असं सांगतो. मीही सांगायचे, आणि माझा विषय तर ध्वनिशास्त्र आहे! पण खाल्लेला, फिका पडलेला स्वर म्हणजे माहितीतलं भोक नाही. तो फिका आहे हीच ऐकणाऱ्यासाठी माहिती असते. हे पटलं की संशोधनाचे प्रश्नही वेगळे दिसायला लागतात.

आधी त्या ‘कॅन’चं काय झालं ते बघू. अमेरिकन इंग्रजीत सहज बोलताना होकारी ‘कॅन’चा ॲ टिकत नाही. तिथे एक आखूड, फिका अ येतो: ‘वी कन सेंड’. कधी कधी तोही नाही, नुसतं ‘क्न’. नकारी ‘कॅन्ट’मधला ॲ मात्र पूर्ण आणि जोरकस असतो. आणि शेवटचा ट? पुढे दुसरं व्यंजन आलं की तो बरेचदा फुटतच नाही. हवा अडते, पण ती सुटल्याचा आवाज येत नाही. म्हणजे हो आणि नाही यांतला फरक ओळखायला त्या ट चा फारसा उपयोग नाही. ऐकणारा स्वराकडे बघतो. फिका स्वर म्हणजे ‘हो’, भरलेला म्हणजे ‘नाही’. मी भरलेला दिला. (इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात हा घोळ कमी होतो, कारण तिथे नकारात ‘कान्ट’ असा वेगळाच लांब आ येतो.)

हा फिका अ आहे तरी काय

ध्वनिशास्त्रात त्याला श्वा म्हणतात. हे नाव हिब्रू लेखनातल्या एका खुणेवरून, जर्मनमार्गे आलं. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्याची खूण म्हणजे उलटं फिरवलेलं रोमन ‘ई’. गंमत अशी की इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या या स्वराला इंग्रजी वर्णमालेत स्वतःचं अक्षर नाही. ‘अबाउट’मध्ये तो ए या अक्षराने लिहितात, ‘प्रॉब्लेम’मध्ये ई ने, ‘फॅमिली’मध्ये आय ने, ‘लेमन’मध्ये ओ ने आणि ‘सपोर्ट’मध्ये यू ने. आपण स्पेलिंगवरून इंग्रजी शिकलो, त्यामुळे या पाच ठिकाणी आपल्या डोळ्यांना पाच वेगळे स्वर दिसतात, आणि डोळे कानांवर कुरघोडी करतात.

आवाज म्हणून तो आपल्याला नवा नाही. ‘घर’ म्हणताना घ नंतर जो अ येतो, तो याच्या अगदी जवळचा. म्हणजे जीभ वळवण्याची अडचण नाहीये. हा स्वर कुठे वापरायचा, ते आपल्याला माहीत नसतं.

फिजिक्सवाल्यांसाठी थोडं गणित. ओठांपासून स्वरतंतूंपर्यंत पुरुषाची नळी साधारण १७.५ सेंटीमीटर धरतात. जीभ कुठेच वर, खाली, पुढे, मागे नेली नाही, नळी सगळीकडे सारख्या रुंदीची आहे असं समजा. एक टोक बंद, एक उघडं. बारावीतली पाव तरंगलांबीची नळी आठवते? आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटर घेतला तर अनुनाद येतात ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झवर. पाठ्यपुस्तकातल्या श्वाचे फॉर्मंट हेच. म्हणून त्याला ‘मधला’, ‘तटस्थ’ स्वर म्हणतात.

पण पाठ्यपुस्तकावर फार विसंबू नका. एडवर्ड फ्लेमिंग आणि स्टेफनी जॉन्सन यांनी २००७ मध्ये अमेरिकन इंग्रजीतले दुबळे स्वर मोजले. त्यांच्या लेखाच्या नावातच उदाहरण आहे: रोझा नावाच्या बाईचे गुलाब, म्हणजे ‘रोझाज रोझेस’. ‘रोझा’ किंवा ‘चायना’च्या शेवटी येणारा श्वा खरोखर मधोमध बसतो. शब्दाच्या पोटात आलेला श्वा मात्र आजूबाजूची व्यंजनं ओढतील तिकडे जातो, आणि तोंड कमी उघडल्यामुळे तो जरा वरचा, इ च्या बाजूला झुकलेला असतो. म्हणजे ‘श्वा’ हे एक नाव असलं तरी त्याखाली निदान दोन वेगळ्या वागणुकी आहेत. ५०० आणि १५०० हे आकडे मनात धरून डेटा बघायला गेलात तर तुमचे निम्मे बिंदू तुम्हाला ‘चुकीचे’ वाटतील.

एका शब्दात तीन गोष्टी कोंबू नका

माझ्या पहिल्या सायनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: ‘वेगाने बोलताना इंग्रजीतले आघात नसलेले स्वर श्वा होतात.’ गाइडनी त्याखाली लाल शाईने फक्त ‘कोणते?’ असं लिहून परत पाठवलं. मला वाटलं स्वरांची यादी हवी आहे. दोन दिवस घालवून तक्ता केला. त्यांना हवं होतं ते वेगळंच. त्या वाक्यात तीन निरनिराळ्या घटना मी एकत्र बांधल्या होत्या, आणि या विषयावर सायनॉप्सिस लिहिणारे बरेच जण हेच करतात.

पहिली घटना शब्दकोशातली. ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफी’, ‘फोटोग्राफिक’ हे शब्द मराठीत आपण एकाच साच्यातून काढल्यासारखे म्हणतो. इंग्रजीत जोर आधी पहिल्या सिलॅबलवर, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर सरकतो, आणि जोर जिथून उठला तिथला स्वर बरेचदा फिका पडतो: ‘फोटग्राफ’, ‘फटॉग्रफी’, ‘फोटग्रॅफिक’. इथे वेगाचा काही संबंध नाही. भाषण असो, शपथविधी असो, कितीही सावकाश बोला, ‘फटॉग्रफी’तला पहिला स्वर श्वाच राहतो. डॅनियल जोन्सचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ मध्ये निघाला, त्यात आणि त्यानंतरच्या प्रत्येक उच्चारकोशात हे असंच नोंदलेलं असतं. ही शब्दाची घडण आहे, ‘कॅज्युअल’ बोलण्याची सवय नव्हे.

दुसरी घटना त्या बारक्या शब्दांची: टू, ऑफ, फॉर, फ्रॉम, ॲट, अँड, वॉज, कॅन, हॅव. यांना दोन रूपं असतात, एक भरलेलं आणि एक दुबळं. ‘फ्रॉम’ आणि ‘फ्रम’, ‘फॉर’ आणि ‘फर’, ‘वॉज’ आणि ‘वझ’. वाक्यातली जागा ठरवते की कोणतं यायचं. ‘आय ॲम फ्रम पुणे’ म्हणताना दुबळं, पण ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ असं शेवटी एकटं पडलं की भरलेलं. ‘येस, आय कॅन’ यातही भरलेलं, कारण पुढचं क्रियापद गळालंय. नेटची तयारी करणाऱ्यांनी हे एकदा मोठ्याने म्हणून बघा. नियम पाठ करण्यापेक्षा लवकर लक्षात राहतो.

तिसरी घटना खरी सैल बोलण्यातली. ‘प्रॉबबली’चं ‘प्रॉब्ली’, ‘सपोज’चं ‘स्पोज’, ‘मेमरी’चं ‘मेम्री’. इथे पायऱ्या नाहीत, उतार आहे. स्वर थोडा आखडतो, अजून आखडतो, शेवटी दिसेनासा होतो, आणि एकच माणूस एकाच मिनिटात तीनही अवस्था वापरतो.

पहिल्या दोन प्रकारांत बोलणारा दोन रूपांतून एक निवडतो. तिसऱ्यात तो एका सरकत्या पट्टीवर कुठेतरी असतो. आता कल्पना करा, तिन्ही एका स्प्रेडशीटमध्ये टाकून तुम्ही ‘बोलण्याचा वेग विरुद्ध पहिला फॉर्मंट’ असा आलेख काढलात. रेषा निघेल, पी-व्हॅल्यूही छान येईल, आणि ती रेषा कशाबद्दल आहे ते व्हायवाला तुम्हाला सांगता येणार नाही.

आळस की हिशोब

स्वर फिके का पडतात? सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर: आळस. त्याचंच शास्त्रशुद्ध रूप १९६३ मध्ये ब्यॉर्न लिंडब्लोम यांनी मांडलं. त्यांनी स्वीडिश स्वर मोजले आणि म्हटलं की जिभेला प्रत्येक स्वराचं एक ठिकाण गाठायचं असतं. वेळ कमी पडला की ती पोचायच्या आतच पुढच्या व्यंजनासाठी वळते. एसटी थांब्यापर्यंत न जाता अलीकडूनच वळावी, तसं. यातला बारकावा असा की जीभ ‘मध्यभागी’ परत येत नाही, ती शेजारच्या व्यंजनांकडे ओढली जाते. श्वा हे तिचं लक्ष्य नसतं. न पोचल्याचा तो परिणाम असतो.

सुंदर कल्पना आहे, पण पुरेशी नाही. थॉमस गे यांनी १९७८ मध्ये दाखवलं की बोलणारे भरभर बोलूनही स्वराचं ठिकाण बऱ्यापैकी गाठू शकतात. म्हणजे वेळ कमी पडणं हे एकमेव कारण नाही. लिंडब्लोम यांनीच १९९० मध्ये आपली मांडणी वाढवली: बोलणारा सतत अंदाज घेत असतो की ऐकणाऱ्याला किती मदत लागेल. गरज दिसली तर उच्चार ताणून, नीट करून देतो. गरज नसली तर सैल सोडतो.

आणि हे मोजता येतं. अमेरिकेत १९९० च्या सुमारास स्विचबोर्ड नावाचा संग्रह गोळा झाला. त्यात अनोळखी माणसांची फोनवरची सुमारे २४०० संभाषणं आहेत. ॲलन बेल, डॅनियल जुराफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले सर्वांत जास्त येणारे दहा बारके शब्द घेतले (द, ए, टू, ऑफ, अँड वगैरे) आणि २००३ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापला. आजूबाजूच्या शब्दांवरून जो शब्द आधीच ओळखू येतो तो जास्त आखडतो. बोलणारा अडखळतो तिथे, म्हणजे ‘अं’ म्हणतो किंवा शब्द परत म्हणतो, त्याच्या आसपास तेच शब्द लांब आणि भरलेल्या स्वराने येतात.

‘द’ चं उदाहरण तर माझं आवडतं आहे. शाळेत शिकवतात की पुढे स्वर असला तर ‘दी’, व्यंजन असलं तर ‘द’. जीन फॉक्स ट्री आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९९७ मध्ये खऱ्या संभाषणांत बघितलं तर लोक व्यंजनापूर्वीही ‘दी’ म्हणत होते, आणि ते मुख्यतः बोलताना अडल्यावर. पुढचा शब्द सापडत नाहीये, थांबा जरा, हे त्या लांब ‘दी’ने ऐकणाऱ्याला कळतं. आपण ‘ते हे... ते...’ म्हणत हात हलवतो, तसलाच प्रकार. म्हणजे इथेही भरलेला स्वर ‘शुद्ध’ उच्चार म्हणून येत नाही, तो एक खूण म्हणून येतो.

आता माझ्या ‘कॅन’कडे परत या. पलीकडच्या मुलीच्या कानाला फिका स्वर अपेक्षित होता. तिथे भरलेला आला, म्हणजे काहीतरी खास सांगायचं आहे. आणि ‘कॅन’च्या बाबतीत खास म्हणजे नकार.

ऐकणाऱ्याची बाजू दाखवणारा एक जुना प्रयोग आहे, ॲन कटलर आणि डेनिस नॉरिस यांचा, १९८८ चा. अर्थ नसलेले दोन सिलॅबलचे शब्द ऐकवायचे आणि त्यांच्या सुरुवातीला लपलेला खरा शब्द, उदाहरणार्थ ‘मिंट’, पकडायला सांगायचं. दुसऱ्या सिलॅबलमध्ये दुबळा स्वर असला तर लोकांना ‘मिंट’ लवकर सापडला. भरलेला असला तर उशीर झाला. का? कारण इंग्रजी ऐकणाऱ्याला भरलेला स्वर आला की तिथे नवा शब्द सुरू झाला असं वाटतं. तो ‘मिन’ आणि ‘ट...’ असा तुकडा पाडतो, आणि मग फुटलेला ‘मिंट’ परत जोडावा लागतो. ही सवय बिनबुडाची नाही. इंग्रजी संभाषणात अर्थाचं वजन वाहणारे बहुतेक शब्द भरलेल्या सिलॅबलनेच सुरू होतात.

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे, आणि आपल्याकडच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गांत तो कुणी सांगत नाही. तिथे शिकवतात की एकेक अक्षर स्वच्छ बोला. आपण सगळे स्वर भरून बोलतो तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या कानाला जागोजागी शब्दांच्या खोट्या सुरुवाती ऐकू येतात. आणि आपण त्यांचं ऐकतो तेव्हा उलट होतं: आपण प्रत्येक स्वराची वाट बघतो, आणि बरेचसे येतच नाहीत.

पुसलेल्या स्वराच्या खुणा

स्वर पूर्ण गेला तर? ‘सपोर्ट’मधला पहिला स्वर सैल बोलण्यात जातो, आणि उरतं ‘स्पोर्ट’. मग ‘स्पोर्ट’ म्हणजे खेळ, आणि हा ‘सपोर्ट’, यांची गल्लत का होत नाही? शॅरन मॅन्युएल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकी हीच जोडी तपासली. उत्तर मराठी माणसाला चटकन कळेल असं आहे.

इंग्रजीत जोर असलेल्या सिलॅबलच्या सुरुवातीला प आला की तो महाप्राण होतो, म्हणजे त्याच्यामागे ह सारखी हवा येते. आपला जुना, दोन्ही ओठांनी म्हटलेला फ, ‘फळ’ मधला. पण स नंतर लगेच प आला तर ती हवा येत नाही, साधा प येतो. ‘स्पोर्ट’मध्ये साधा प आहे. ‘सपोर्ट’मधला स्वर गेला तरी प आपली हवा सोडत नाही. तो ‘स्फोर्ट’सारखा राहतो. स्वर गेला, पण तो होता याची साक्ष शेजारच्या व्यंजनाने ठेवली. इंग्रजी भाषकाला प आणि फ हे दोन वेगळे ध्वनी वाटतच नाहीत, तरी त्याचा कान या फरकाचा वापर करतो. आपल्याला तर शाळेच्या पहिल्या वर्षीच पफबभम घोकायला लावलेलं असतं. हा फरक ऐकण्यात आपण त्यांच्यापेक्षा सरस ठरायला हवं. (कुणाला एमएच्या प्रबंधासाठी विषय हवा असेल तर घ्या. मला श्रेय नको.)

लिसा डेव्हिडसन यांच्या २००६ च्या कामाचा रोखही असाच आहे. आपण ‘स्वर गाळला’ म्हणतो, पण बऱ्याचदा बोलणाऱ्याने तो गाळलेला नसतो. आजूबाजूच्या दोन व्यंजनांच्या हालचाली एकमेकींवर सरकून त्याला झाकून टाकतात.

सगळे शब्द सारखे आखडतात असंही नाही. जोन हूपर (पुढे त्या जोन बायबी नावाने ओळखल्या गेल्या) यांनी १९७६ मध्ये दाखवलं की रोजच्या वापरातले शब्द आधी झिजतात. ‘एव्हरी’ सर्रास दोनच सिलॅबलचं झालंय, ‘मेमरी’ त्या वाटेवर आहे, पण जवळपास तशाच घडणीच्या ‘मॅमरी’ या वैद्यकीय शब्दातला मधला स्वर टिकून आहे. तेव्हा उदाहरणं निवडताना शब्द किती वापरातला आहे हे आधी बघा, नाहीतर तुम्ही उच्चार मोजताय असं समजून लोकप्रियता मोजाल.

मराठीत असं नाही?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि ‘मराठी लिहितो तशीच बोलतो’ हे उत्तर ऐकून मला हसू येतं. ‘काय आहे’चं ‘काये’, ‘करतो आहे’चं ‘करतोय’, ‘काहीतरी’चं ‘कैतरी’ होतं ते काय? ‘आणि’चं तर ‘अन्’ आणि ‘नि’ झालंय, म्हणजे इंग्रजी ‘अँड’ची आणि आपल्या ‘आणि’ची दशा सारखीच. शिवाय अ गाळण्यात आपण कसलेले आहोत. ‘कापड’मध्ये प नंतरचा अ ऐकू येतो, ‘कापडाला’ म्हटलं की तो जातो: ‘काप्डाला’. लिहिताना मात्र आपण काही दाखवत नाही. मग स्पेलिंगवरून इंग्रजांना हसायचं कशाला!

फरक एवढाच की मराठीत आ, ई, ऊ, ए, ओ हे स्वर जोर नाही म्हणून सरसकट अ मध्ये कोसळत नाहीत. ‘महाराष्ट्रातला’ मधले आ भरभर बोलतानाही आ च राहतात. इंग्रजीत हा कोसळण्याचा नियम भाषेच्या मुळाशी आहे. त्यामुळे आपलं इंग्रजी ऐकायला सपाट, एकसारख्या ठेक्याचं लागतं. केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये भाषांचे ठेके दोन प्रकारचे सांगितले, जोरावर चालणारे आणि सिलॅबलवर चालणारे. रेबेका डाउअर यांनी १९८३ मध्ये त्यातली हवा काढली: घड्याळ लावून मोजलं तर इंग्रजीतलेही जोर समान अंतराने पडत नाहीत, आपल्याला जो ठेका ऐकू येतो तो सिलॅबलच्या घडणीतून आणि दुबळ्या स्वरांतून तयार होतो. सायनॉप्सिसमध्ये ‘इंग्रजी ही स्ट्रेस-टाइम्ड भाषा असल्यामुळे’ असं कारण म्हणून लिहाल तर परीक्षक तुम्हाला इथेच पकडतील.

मग आपण ‘वी कन सेंड’ म्हणायला शिकायचं का? जेनिफर जेनकिन्स यांनी २००० च्या पुस्तकात वेगळी बाजू घेतली. जगात इंग्रजी बोलणाऱ्या दोन माणसांपैकी पुष्कळदा दोघांचीही ती मातृभाषा नसते. अशा ठिकाणी दुबळी रूपं समजायला मदत करत नाहीत, उलट अडथळाच आणतात. नागपूरचा संशोधक सोलच्या संशोधकाशी बोलताना ‘कॅन’ भरून म्हणाला तर बिघडत काहीच नाही. माझंही मत आता असंच आहे: बोलताना हवं तसं बोला, पण ऐकायला मात्र शिकाच. शिवाय बोलण्यात हे उशिरा येतं. जेम्स फ्लेगे आणि ओके-श्वेन बोन यांनी १९८९ मध्ये स्पॅनिश भाषकांचं इंग्रजी मोजलं, त्यात शब्दात जोर कुठे द्यायचा हे लोकांना आधी जमलेलं दिसलं आणि बिनजोराचा स्वर दुबळा करणं मागे राहिलेलं.

मोजायला बसाल तेव्हा

माझे चार महिने जिथे गेले ते सांगते. पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं प्रॅट हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आपल्यातले बहुतेक जण तेच वापरतात. त्यात फॉर्मंट काढताना खिडकीची लांबी ठरलेली असते, न बदलता ठेवली तर २५ मिलिसेकंद, आणि कडेच्या उतारांसह ती त्याच्या दुप्पट पसरते. तुमचा श्वा असतो ४० मिलिसेकंदांचा. म्हणजे खिडकीत शेजारची व्यंजनं डोकावणारच. पुरुषाचा आवाज १०० हर्ट्झचा धरला तर ४० मिलिसेकंदांत स्वरतंतू चारच वेळा कंप पावतात. चार ठोक्यांवरून ताल ओळखण्यासारखं आहे ते. त्यामुळे आकडा आला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, स्पेक्ट्रोग्राम उघडून बघा.

दुसरी चूक मोठी होती. शेकडो मिनिटांचं बोलणं हाताने तोडणं अशक्य म्हणून मी स्वयंचलित अलाइनर लावला. त्याला लिहिलेला मजकूर आणि उच्चारकोश द्यायचा, तो प्रत्येक ध्वनीच्या सीमा आखून देतो. मी सगळ्या श्वांच्या कालावधीचा हिस्टोग्रॅम काढला तर ठीक ३० मिलिसेकंदांवर एक उंच टेकडी. मी खूश! ‘दुबळ्या स्वराची किमान मर्यादा’ असं शीर्षकही सुचलं होतं.

गाइडनी हिस्टोग्रॅम बघितला आणि विचारलं, ‘अलाइनरची एक फ्रेम केवढी?’ दहा मिलिसेकंद. ‘आणि एका ध्वनीला किमान अवस्था किती?’ तीन.

दहा गुणिले तीन. कोशात श्वा लिहिलेला आहे, पण बोलणाऱ्याने तो म्हटलेलाच नाही, अशा ठिकाणी त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला काहीतरी द्यावंच लागतं, आणि तो कमीत कमी म्हणजे ३० देतो. माझी टेकडी ही स्वरांची नव्हती, नसलेल्या स्वरांची होती.

मग कोशात प्रत्येक शब्दाची स्वर नसलेली रूपंही घातली, अलाइनर परत चालवला, आणि तरी ३० च्या आसपास राहिलेले तुकडे एकेक करून हेडफोन लावून ऐकले. त्यातला एक ‘सपोर्ट’ होता. स आणि प यांच्यामध्ये स्पेक्ट्रोग्रामवर स्वराची एक रेघही नव्हती, आणि प फुटल्यावर हवेचा पट्टा मात्र स्वच्छ दिसत होता.

सहा आठवड्यांनंतरची ती तारीख आम्हाला मिळाली. मीटिंगमध्ये त्या मुलीने विचारलं, फाइल्स सोमवारपर्यंत जमतील? मी म्हणाले, ‘येस. मंडे.’ आणि मीटिंग संपायच्या आत मेलही टाकली.